सॅक्सोफोनचा खर्ज: बी-फ्लॅट फुटतो, त्याखालचा सूर लागत नाही, काय करायचं?

दर लग्नसराईत ही तक्रार येते, आणि शब्दही बहुतेक तेच असतात: "गाण्याची खालची ओळ आली की सॅक्स एक तर वरच्या सप्तकात उडी मारतो, नाहीतर गुळण्या केल्यासारखा गुरगुरतो." या एका वाक्यात दोन वेगळे आजार मिसळलेले असतात. पहिल्यात सूर वाद्याच्या आवाक्यात असतो, पण निघत नाही. दुसऱ्यात तो सूर वाद्यात नसतोच. पहिल्याचं औषध दुसऱ्याला दिलं की लोक ओठ आवळत बसतात, जाड रीड (फुंकल्यावर थरथरणारी वेताची पट्टी) लावतात, माऊथपीस (तोंडात धरायचा भाग) बाहेर ओढतात, आणि आठवड्याभरात वरचे सूरही बिघडवून ठेवतात. म्हणून आधी आजार ओळखायचा.

तळ कुठे आहे ते आधी बघा

बोटांच्या हिशेबाने सोप्रानो, आल्टो आणि टेनर या सॅक्सच्या लहान-मोठ्या जाती, तिघांचाही तळ एकच, खालचा बी-फ्लॅट. सगळी बोटं खाली आणि डाव्या करंगळीने बी-फ्लॅटची चावी दाबलेली. ऐकू मात्र वेगवेगळं येतं. पेटीवर जुळवून पाहिलं तर आल्टोचा हा सूर मधल्या सप्तकाच्या लगेच खालच्या सप्तकातली काळी १ आहे, १३८.६ हर्ट्झ. टेनरचा त्याहून खालची काळी ४, १०३.८ हर्ट्झ. सोप्रानोचा टेनरच्या बरोबर एक सप्तक वर, २०७.७ हर्ट्झ. बॅरिटोन आल्टोच्या एक सप्तक खाली बोलतो, म्हणून त्याचा बी-फ्लॅट ६९.३ हर्ट्झवर येतो. ज्या बॅरिटोनला डाव्या अंगठ्याजवळ ए-ची जादा चावी असते तो आणखी अर्धा स्वर उतरून पांढरी १ ला, ६५.४ हर्ट्झवर पोचतो.

आपल्याकडच्या बँडमध्ये आल्टो आणि टेनर हीच दोन वाद्यं जास्त, त्यामुळे पुढचं सगळं त्यांच्याबद्दल आहे. मोबाइलवरचा ट्यूनर उघडल्यावर तो पेटीचा सूर दाखवतोय की सॅक्सच्या बोटांचा, हे सेटिंगमध्ये बघून घ्या. अर्धे घोळ तिथेच होतात: आल्टोवाला म्हणतो "सी लागत नाही", पेटीवाला म्हणतो "सी तर आत्ताच वाजला".

गायकाला मंद्र सप्तकातली पांढरी १ हवी असेल आणि हातात आल्टो असेल, तर तो सूर वाद्यात नाही. कितीही रियाज केला तरी नुसत्या बोटांनी तो निघणार नाही. नळी जिथे संपते तिथे सूर संपतो. अॅडॉल्फ साक्सने १८४६ साली पेटंट घेतलं, त्या सुरुवातीच्या वाद्यांचा तळ तर बी होता. भोंगा लांबवून आणि एक भोक वाढवून बी-फ्लॅट नंतर मिळाला. खाली जायचं तर नळी लांबवायची, हा मार्ग तेव्हापासूनचा आहे, आणि आपल्यालाही तोच वापरायचा आहे.

बी-फ्लॅट धड नसेल तर खाली जाऊ नका

खालच्या सुराचा प्रयत्न करण्यापूर्वी एक कसोटी घ्या. जीभ लावायची नाही. तोंडातल्या तोंडात "हू" म्हणत, हळू आवाजात बी-फ्लॅट सुरू करा आणि मिनिटाला ६० च्या लयीत ८ मात्रा धरा. पाच वेळा करा. पाचही वेळा पहिल्या क्षणाला सूर लागला पाहिजे, मध्ये थरथर नको, वरच्या सप्तकाची शिट्टी नको.

जोरात फुंकून निघतो, पण हळू निघत नाही, असं असेल तर तो निघतोय असं समजू नका. जोराच्या फुंकीखाली गळती लपते. मिरवणुकीत ताशाच्या आवाजात कुणाला कळत नाही, पण भजनाच्या बैठकीत किंवा ऑर्केस्ट्रात माइकसमोर तोच सूर उघडा पडतो. आणि बी-फ्लॅटच्या खालच्या सुरात नळी आणखी लांब होते, म्हणजे आज जी गळती जेमतेम सोसली जातेय ती तिथे अजिबात सोसली जाणार नाही.

गळती शोधताना जी-शार्पपासून सुरुवात

खालचा सूर फुटला की सगळे सर्वांत मोठ्या पॅडकडे, म्हणजे भोक झाकणाऱ्या चामड्याच्या गादीकडे, बघतात. तिथेही दोष असतो, पण बहुतेक वेळा चोर वर बसलेला असतो, जी-शार्पच्या छोट्या पॅडखाली.

कारण यंत्रणेत आहे. डाव्या करंगळीच्या चाव्यांचा जो गट आहे, त्यात सी-शार्प, बी किंवा बी-फ्लॅट दाबलं की जोडीने जी-शार्पची चावीही दबते. म्हणजे बी-फ्लॅट वाजवताना जी-शार्पचं पॅड उघडायला निघालेलं असतं. त्याला दाबून धरतो तो उजव्या हाताच्या चाव्यांना जोडलेला छोटा दांडा, आणि त्या दांड्यावरचा एक बारीक स्क्रू. हा स्क्रू ढिला पडला किंवा त्याखालचा कॉर्क झिजून पडला की पॅड केसभर उचललं जातं. डोळ्याला दिसत नाही. पण नळीच्या मध्यावर तेवढी फट पुरेशी असते, आणि बी, बी-फ्लॅट दोन्ही गुरगुरतात. सी मात्र ठणठणीत वाजतो, कारण सी उजव्या करंगळीचा आहे, तो या गटात नाही. सी चांगला आणि बी, बी-फ्लॅट वाईट, हे लक्षण दिसलं की आधी इथेच हात घाला.

तपासणी सोपी आहे. खालचा डी धरा आणि तो वाजत असतानाच डाव्या करंगळीने जी-शार्पची चावी दाबा, सोडा, दाबा, सोडा. सुरात काडीचाही फरक पडता कामा नये. फरक पडला तर घड्याळजीचा बारीक पेचकस घ्या आणि स्क्रू फेऱ्याच्या आठव्या भागाइतका आवळा. पुन्हा तपासा. लागला तर आणखी तेवढाच. जास्त आवळला तर जी-शार्प घट्ट बसेल, पण दांड्याखालचं एफ-शार्पचं पॅड पूर्ण मिटणार नाही, आणि मग एफ, ई, डी सगळेच बसल्या घशाने बोलायला लागतील. दोन्ही पॅड एकाच वेळी मिटले पाहिजेत. बऱ्याच वाद्यांवर शेजारी-शेजारी दोन सारखे स्क्रू असतात. दुसरा वरच्या बी-फ्लॅटच्या छोट्या पॅडचा. कुठला स्क्रू कुठलं पॅड दाबतो ते बोटाने चावी हलवून बघितल्याशिवाय पेचकस लावू नका.

यानंतर भोंग्यावरची बी आणि बी-फ्लॅटची मोठी पॅडं. भोंग्याला धक्का लागला, टेम्पोत केसवर कुणी बसलं, वाद्य आडवं पडलं, की भोंगा किंचित सरकतो आणि ही दोन पॅडं भोकावर वाकडी बसतात. बाहेरून पोचा दिसलाच पाहिजे असं नाही. पतंगाचा कागद घ्या, ६ मिमी रुंदीची पट्टी कापा. पॅडखाली ठेवा, चावी नेहमीच्या ताकदीने मिटा आणि पट्टी ओढा. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा चारही बाजूंना ओढ सारखी लागली पाहिजे. जिथे पट्टी सुळकन निघते तिथे फट आहे. दाबून चावी मिटू नका. दाबल्यावर कुठलंही पॅड मिटतं, आणि वाजवताना करंगळीत तेवढी ताकद नसते.

अंधाऱ्या खोलीत नळीत एलईडीची बारीक माळ सोडून पाहिलं तर फटीतून उजेडाची रेघ दिसते. हीही पद्धत चांगली, फक्त तापणारा बल्ब वापरू नका.

सी-शार्प आणि ई-फ्लॅट ही पॅडं एरवी मिटलेली असतात, स्प्रिंगने. त्यांच्या स्प्रिंगा मऊ पडल्या तरी खालचे सूर गळतात, आणि हे लवकर लक्षात येत नाही, कारण आपण ती चावी दाबतच नाही. सूर फुटत असताना दुसऱ्याने बोटाने ती दोन पॅडं हलकेच दाबून धरायची. सूर सुधारला तर दोष सापडला.

उरली नेक, म्हणजे माऊथपीस जिच्यावर बसतो ती वरची वाकडी नळी. मधला जी धरा आणि ऑक्टेव्हची (सूर एक सप्तक वर नेणारी) चावी दाबा. नेकवरचं छोटं पॅड जागचं हलता कामा नये. हललं तर ऑक्टेव्हची कडी वाकलेली आहे, आणि खालचा सूर उडी का मारतो त्याचं उत्तर तिथे आहे. माऊथपीस लावताना नेक त्या कडीपाशी धरली की ती वाकते. नेक खालच्या वाकापाशी धरायची सवय लावा. नेक अंगात सैल फिरत असेल तर तिथूनही हवा जाते. नळाला लावतात त्या पांढऱ्या टेपचा एक वेढा घालून बघा. सूर लगेच सुधारला तर जोड दुरुस्तीला द्यायचा. टेप हा फक्त निदानासाठी, कायमचा इलाज म्हणून ठेवू नका.

पॅड वाकडं बसलं असेल तर वाटीला बाहेरून ऊब देऊन आतली लाख मऊ करायची, पॅड सरळ करायचं आणि गार होईपर्यंत चावी हलक्या हाताने मिटून ठेवायची, असा क्रम असतो. ऐकायला सोपं आहे. पण बी-फ्लॅटचं पॅड मोठं, वाटी मोठी, आणि दोन सेकंद जास्त आंच लागली की वाद्याचं पॉलिश जळतं नाहीतर पॅडचं चामडं आकसतं. पहिला हात या पॅडवर बसवू नये. फाटलेलं किंवा दगडासारखं कडक झालेलं पॅड बदलायचंच.

इथे हवामानाचा भाग येतो. सांगली, तासगाव, जतकडे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पॅडचं चामडं आवळतं. दुपारच्या वरातीआधी केस बंद टेम्पोत उन्हात राहिली तर लाख मऊ पडून पॅड जागचं सरकतं. सकाळी ठीक असलेलं वाद्य संध्याकाळी गुरगुरतं त्याचं कारण हेच. पाटण, महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळ्यात उलटं होतं: पॅडं फुगतात, कडेला चिकटतात, जी-शार्प तर उघडतच नाही. वाजवून झाल्यावर चिकटणाऱ्या पॅडखाली टिपकागद ठेवून चावी दहा-बारा वेळा मिटा. टाल्कम पावडर मात्र टाकू नका, ओलाव्याने तिचा थर बसतो आणि गळती वाढते.

सगळी पॅडं नीट असूनही बी आणि बी-फ्लॅट थरथरत असतील तर तळाच्या वाकात बाटलीचं एक बूच टाकून बघा. नळीचं आतलं आकारमान तिथे किंचित बदलतं आणि काही वाद्यांत थरथर थांबते. जुना तोडगा आहे, चालतो. बूच एवढं मोठं हवं की कुठल्या भोकात अडकणार नाही, आणि वाद्य केसमध्ये ठेवताना आठवणीने काढायचं.

आता तोंड

वाद्यात गळती नाही हे कळल्यावरच तोंडाला दोष द्यावा. नेक काढा, तिच्यावर माऊथपीस नेहमीच्या जागी लावा आणि एवढंच वाजवा. आल्टोला काळी ४ च्या आसपास, ४१५ हर्ट्झ, सूर आला पाहिजे. टेनरला पांढरी ३, ३३० हर्ट्झ. याहून सूर वर चढत असेल तर तुम्ही रीड चावताय. दिवसभर क्लॅरोनेट वाजवून मग सॅक्स हातात घेणाऱ्यांना हे फार होतं, कारण क्लॅरोनेटला आवळलेलं तोंड चालतं. सॅक्सला, निदान खालच्या सुरांना, चालत नाही.

खालचा जबडा थोडा सोडा, खालच्या ओठाचा दाब कमी करा, पण कडेने हवा निसटू देऊ नका. घसा जांभई देताना होतो तसा उघडा. फुंक जोराची नको, भरलेली आणि एकसारखी हवी. रियाज डी पासून सुरू करा: डी, सी-शार्प, सी, बी, बी-फ्लॅट, प्रत्येक सूर ८ मात्रा, हळू आवाजात. खाली उतरताना डी वाजवणारं तोंड बदलायचं नाही, बदलायची ती फक्त बोटं. रोज १० मिनिटं पुरतात.

रीडचं टोक तुटलेलं किंवा लाटेसारखं वाकलेलं असेल तर वरचं सगळं वाया. कोरड्या हवेत रीड वाकते. काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवायची सवय लावा. तीन नंबरची रीड लावून खर्ज भरदार होतो हा समज आहे. ज्याचा बी-फ्लॅट फुटतो त्याने दोन किंवा अडीचवर येऊन बघावं.

बी-फ्लॅटच्या खाली: काय चालत नाही

ओठ सैल सोडून सूर उतरवणं. वरच्या सुरांत असं करून मींड छान घेता येते, म्हणून वाटतं की खालीही जमेल. पण बी-फ्लॅटच्या वेळी पूर्ण नळी बोलत असते आणि तिच्यापुढे ओठाचं काही चालत नाही. सूर थोडा कुरकुरत उतरतो, मग तुटतो किंवा उडी मारतो. पूर्ण अर्धा स्वर भरवशाने मिळत नाही.

माऊथपीस बाहेर ओढणं. याचा हिशेब करून बघू. आल्टोच्या बी-फ्लॅटला बोलणाऱ्या नळीची लांबी सुमारे १२५ सेंमी धरता येते. अर्धा स्वर उतरवायला ती सुमारे १३२ सेंमी हवी, म्हणजे साधारण साडेसात सेंमी जास्त. नेकवरचा कॉर्कसुद्धा तेवढा लांब नसतो. समजा १ सेंमी ओढला. अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर बी-फ्लॅट जेमतेम १४ भाग उतरेल, पण वरच्या एफला बोलणारी नळी ४२ सेंमीच्या आसपास असल्याने तो ४० भाग उतरेल. खालचा सूर मिळाला नाही, आणि वरचं सप्तक बेसूर झालं.

काय चालतं: गुडघा आणि नळी

भोंग्याचं तोंड अर्धवट झाकलं की नळी लांब झाल्यासारखी वागते आणि बी-फ्लॅट उतरतो. खुर्चीवर बसून आल्टो वाजवणारा डावा गुडघा उचलून भोंग्याच्या तोंडाशी नेतो, बोटं बी-फ्लॅटचीच ठेवतो, आणि ए, म्हणजे बी-फ्लॅटच्या अर्धा स्वर खालचा सूर, मिळवतो. पेटीवरची पांढरी १. किती झाकायचं हे ट्यूनर समोर ठेवून ठरवा: हळूहळू झाका, सुई ए वर आली की तिथे थांबा, आणि गुडघ्याची तीच उंची पायाखाली पाट किंवा विटेची चवड ठेवून पक्की करा. पूर्ण झाकलं तर सूर गुदमरतो. फायदा मोठा आहे, कारण गुडघा काढला की बी-फ्लॅट पुन्हा हजर. तोटेही आहेत: सूर दबका येतो, जलद ओळीत जमत नाही, आणि वरातीत चालताना तर प्रश्नच नाही. टेनरला भोंगा बाजूला लांब पडतो, त्यामुळे हा मार्ग अवघड.

दुसरा मार्ग भोंग्यात नळी बसवण्याचा. पुठ्ठा, चार्टपेपर, पीव्हीसी सगळं लोक वापरतात. आल्टोला ७५ मिमी आणि टेनरला ९० मिमीचा पीव्हीसी पाइप, शेतीच्या लाइनचा, आकाराने जवळपास जमतो. पण तो जड असतो, भोंग्यात एकाच कडेवर टेकतो आणि बाजूने हवा सोडतो. त्याहून चांगली वस्तू आपल्याकडे सहज मिळते: जुनी एक्स-रे फिल्म. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात तर ती घरोघरी कपाटात पडलेली असते. ३५ बाय ४३ सेंमीची मोठी फिल्म घ्या. ती गुंडाळून भोंग्यात सोडली की स्वतःच्या ताणाने उघडते आणि भोंग्याच्या आतल्या भिंतीला चहूबाजूंनी चिकटते. पीव्हीसीला हे जमत नाही.

बनवायची रीत अशी. फिल्म कोमट पाण्याने धुऊन पुसा. ४३ सेंमीची बाजू गुंडाळायची, म्हणजे साडेसात सेंमी व्यासाला जवळजवळ दोन वेढे बसतात आणि भिंत कडक होते. एकेरी वेढ्याची भिंत सुराबरोबर थरथरते आणि आवाज पोकळ करते. कडांना कापडी चिकटपट्टी लावा, कारण फिल्मची कड भोंग्याचं पॉलिश ओरखडते आणि बोटही कापते. गुंडाळी भोंग्यात सोडा, हलकेच फिरवत खाली न्या आणि तिला उघडू द्या. आता मोबाइलच्या टॉर्चने आत बघा: गुंडाळीचं खालचं टोक बी-फ्लॅटच्या भोकावर आलेलं नसावं. ते भोक थोडं जरी झाकलं तर बी खराब होईल, आणि तुम्ही पुन्हा पॅडांना दोष देत बसाल.

काठाबाहेर ८ सेंमी राहतील अशी लांबी ठेवून उरलेली कापा. सांध्यावर चिकटपट्टी लावून आकार पक्का करा आणि बी-फ्लॅट वाजवा. सूर ए च्या खाली गेला असेल, आणि बहुधा जाईलच, कारण गुंडाळी भोंग्याच्या पसरट भागाला अरुंद करते. मग बाहेरच्या टोकाने ५ मिमी कापा, पुन्हा वाजवा. आल्टोला ५ मिमी म्हणजे सहा-सात भागांचा फरक, टेनरला पाच. घाईने २ सेंमी कापून सूर वर गेला की फिल्म फुकट. टेनरला बाहेर १० सेंमीपासून सुरुवात करा, बाकी रीत तीच. तिथे पेटीवरची पांढरी ५ मिळेल. सुरुवातीची लांबी वाद्यागणिक बदलते, तेव्हा दुसऱ्याचं माप स्वतःच्या वाद्याला लावू नका.

नळी बसवल्यावर बिघडतं काय? एक: बी-फ्लॅट जातो. त्याच बोटांना आता ए आहे, आणि दोन्ही एकाच वेळी मिळणार नाहीत. ओळीत दोन्ही असतील तर नळीचा उपयोग नाही. दोन: बी किंचित उतरू शकतो, त्याला ओठाने सावरून घ्यावं लागतं. तीन: सूर गुरगुरला तर नळी आणि भोंग्याच्या मध्ये फट आहे, सायकलच्या ट्यूबची २ सेंमीची पट्टी नळीच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळा. चार: सूर वरच्या सप्तकात उडाला तर बी-फ्लॅटच्या कसोटीकडे परत जा, वाद्यात गळती शिल्लक आहे. सी आणि त्यावरच्या सुरांना फारसा धक्का लागत नाही, कारण ते भोंग्यापर्यंत न जाता वरच्या उघड्या भोकांतून बाहेर पडतात. याच कारणाने नळीमुळे सगळं वाद्य अर्धा स्वर उतरत नाही. फक्त तळाचा एक सूर उतरतो. हे न समजल्याने पुष्कळजण निराश होतात.

आणखी लांब नळी लावून दोन अर्धे स्वर उतरता येतं का? आल्टोला ए-फ्लॅटसाठी एकूण १५ सेंमीची वाढ लागते. सूर निघतो, पण घोगरा आणि ठिसूळ, आणि ए व बी-फ्लॅट दोन्ही सूर जातात. गाण्यात उपयोगाचं नाही. एका अर्ध्या स्वरावर थांबावं.

सा हलवा

बहुतेक वेळा नळीची गरजच नसते. चाल कुठल्या सुरापर्यंत उतरते ते आधी गुणगुणून बघा आणि त्यावरून सा ठरवा. नळीशिवाय आल्टोवर चाल मंद्र शुद्ध नी पर्यंतच जात असेल तर सा पांढरी २ किंवा त्याच्या वर हवा. कोमल नी असेल तर काळी २. मंद्र शुद्ध ध ला पांढरी ३, मंद्र प ला काळी ३, शुद्ध म ला काळी ४. टेनरला हेच गणित मंद्र प साठी काळी १ वर, शुद्ध ध साठी त्याखालच्या पांढरी ७ वर आणि शुद्ध नी साठी पांढरी ६ वर येतं. नळी लावली तर प्रत्येक ठिकाणी अर्धा स्वर खाली चालेल, पण तळाचा बी-फ्लॅट त्या चालीत लागत नाही ना, हे तपासून.

उदाहरणार्थ, चाल मंद्र प पर्यंत जाते आणि पेटीवाला पांढरी ४ धरून बसलाय. आल्टोवर प पांढरी १ ला पडतो, म्हणजे बरोबर अर्धा स्वर कमी. इथे तीन मार्ग: पेटीवाल्याला काळी ३ वर चढायला सांगायचं, गायक नसेल तर हाच उत्तम. गायक असेल आणि त्याला चढवत नसेल तर नळी, कारण सा पांढरी ४ असताना आल्टोचा बी-फ्लॅट कोमल ध होतो, आणि चालीत कोमल ध नसेल तर तो गेल्याचं दुःख नाही. आणि चालीत कोमल ध आहे, प ही आहे, तर ती एवढीच ओळ टेनरला द्यायची. टेनरवर तो प सहज पडतो, आणि आल्टोच्या ओढूनताणून काढलेल्या खर्जापेक्षा कानाला भरीव लागतो.

बेंजो पार्टीत सॅक्सला माइक असेल तर मिक्सरच्या आधी आवाज एक सप्तक खाली नेणारा पेडल लावता येतो: वरच्या सप्तकात वाजवायचं, स्पीकरमधून खालचा सूर. मात्र माइक भोंग्याच्या तोंडात खोल घालू नका. भोंग्यातून फक्त तळाचे दोन-तीन सूर जोरात येतात, बाकीचे वरच्या भोकांतून. माइक भोंग्याच्या काठापासून वीतभर दूर, नळीच्या मधल्या भागाकडे तोंड करून ठेवला की सगळे सूर सारखे उचलले जातात आणि पेडल अडखळत नाही.